आमची वाटचाल : दुधाच्या टाकीपासून सिलिकॉनच्या चेंबरपर्यंत

कुपवाड एमआयडीसीतली आमची शेड १९९६ सालची. सुरुवातीची कामं ठरलेली: दूध संघांच्या टाक्या, साखर कारखान्यांच्या पाइपलाइनी, सीझनला हळदवाल्यांची फुटकळ दुरुस्ती. स्टेनलेसची टिग वेल्डिंग मात्र पहिल्यापासून हातची. त्याच जोरावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं व्हॅक्यूम चेंबरचं, म्हणजे आतली हवा काढून घेता येईल अशा बंद पेटीचं, काम मिळालं.

त्या मंडळींचं गणित साधं होतं. सोलर सेलसाठी सिलिकॉनचा ठोकळा करायचा आणि तारेने त्याच्या चकत्या, म्हणजे वेफर, पाडायच्या. तेव्हाच्या पद्धतीत जवळजवळ निम्मा माल भुशात जायचा. त्यात २००८ च्या सुमारास पॉलिसिलिकॉन, म्हणजे या ठोकळ्याचा कच्चा माल, किलोला ४०० डॉलरच्या वर गेलेलं. मग कापायचंच कशाला? एका वेफरवर सच्छिद्र थर करायचा, ११०० अंशांच्या आसपास तापवून ट्रायक्लोरोसिलेन (सिलिकॉन देणारं रसायन, वाफेच्या रूपात) आणि हायड्रोजन सोडायचा, वर ४०-५० मायक्रॉनचा स्फटिक वाढवायचा आणि तो सोलून घ्यायचा. खालचा वेफर पुन्हा कामाला.

आमच्याकडे चेंबर आणि गॅसलाइन. दुधाची टाकी गळली तर थेंब दिसतो, फडकं मारता येतं. इथे लाइनमध्ये सिलेन वायू असेल तर हवा लागताच पेटतो, आणि ट्रायक्लोरोसिलेनला नुसती दमट हवा मिळाली तरी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. म्हणून जोड आतूनही चोख हवा; वेल्डिंग करताना तो आतून हवेने जळू नये यासाठी पाइपच्या आतूनही आरगॉन वायू सोडावा लागतो. वेल्डिंगचा टाका आतून चंदेरी किंवा फिका पिवळा निघाला तर पास. निळा-काळा दिसला की आमचे जुने वेल्डर मामा आधीच म्हणतात, "मालक, हा कापूया." शेवटी चेंबर व्हॅक्यूमवर घेऊन प्रत्येक जोडावर बाहेरून हेलियम मारायचा आणि तो आत शिरतोय का हे दाखवणाऱ्या डिटेक्टरवर नजर ठेवायची. पावसाळ्यात व्हॅक्यूम यायलाच उशीर होतो, तो ताप वेगळा.

मोठ्या ऑर्डरी येणार अशी हवा होती. पण पॉलिसिलिकॉनच कोसळलं. २०१२ अखेर किलोला २५ डॉलरच्याही खाली. पुढे हिऱ्याची कणी लावलेल्या तारेने भुसा कमी झाला, वेफरही पातळ झाले. वाढवलेल्या थराची बचतच त्यात आटली. माझ्या मते तंत्रात खोट नव्हती, कापणारेच स्वस्त झाले. आमच्या छपरावरचे पॅनेलसुद्धा कापलेल्या वेफरचेच आहेत!

आजही पोट भरतं ते टाक्यांवर. चेंबरची कामं मोजकीच. पण औषध कंपन्यांची कामं मिळू लागली ती हेलियम टेस्टची सोय आणि आतला टाका बघून. सध्या हायड्रोजन लाइनची एक चौकशी आहे, दर जुळले तर दिवाळीआधी काम धरू.