फिनिक्सची मागची मैदानं आणि बेसबॉलची कोवळी पोरं

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्समध्ये, मोसमाआधीच्या सरावासाठी बेसबॉलचे आधी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारे) दाखल होतात, आठवडाभरात बाकीचे खेळाडू येतात, आणि महिनाअखेरीस सराव सामने सुरू होतात. मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगच्या, ३० संघांपैकी १५ संघ इथे तळ ठोकतात, उरलेले १५ फ्लोरिडात. इथल्या सामन्यांना कॅक्टस लीग म्हणतात. मेसा, स्कॉट्सडेल, पिओरिया, सरप्राइज, गुडइयर अशा गावांत मिळून १० स्टेडियम आहेत. मार्चमध्ये लेकाकडे किंवा लेकीकडे आलेले आईवडील यातल्या एखाद्या सामन्याला हमखास नेले जातात. ऊन छान असतं, खायला भरपूर असतं, आणि खेळ कळला नाही तरी दुपार बरी जाते.

पण येत्या मोसमात आणि त्यापुढच्या दोन-तीन वर्षांत कोणता पोरगा वर येणार हे ज्यांना बघायचं असतं, ती मंडळी सकाळीच स्टेडियमच्या मागच्या मैदानांवर जाऊन जाळीला टेकतात. तिथे मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरची मुलं खेळतात. तिकीट बहुधा लागत नाही, धावफलक नसतो, निवेदक नसतो. बऱ्याच जर्सींवर नाव नसतं आणि एकच क्रमांक दोघांच्या पाठीवर दिसू शकतो. म्हणून नुसता क्रमांक टिपून भागत नाही. मुलगा डावरा की उजवा, उंची साधारण किती, कोणत्या जागी खेळला, हे सोबत लिहिलं तरच घरी गेल्यावर यादीशी ताळा लागतो.

गुण देण्याची इथली पट्टी २० ते ८० अशी आहे. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. दर १० गुणांना एक पायरी, म्हणजे संख्याशास्त्रातलं एक प्रमाण विचलन. सरासरीच्या तीन पायऱ्या खाली २०, तीन पायऱ्या वर ८०, आणि त्यापलीकडे माणसं जवळपास नसतातच. आपल्याकडे ५० म्हटलं की काठावर पास झाल्यासारखं वाटतं. इथे ५० मिळवणारा मुलगा जगातल्या सर्वांत अवघड लीगमध्ये रोज मैदानात उतरू शकतो. गुण पाच गोष्टींना मिळतात: बॅटने चेंडू गाठणं, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकाचे आकडे दोन, आजचा आणि उद्याचा. वहीत ‘३०/५५’ दिसलं तर समजायचं की आज कच्चा आहे, पण पुढे सरासरीच्या वर जाईल असं बघणाऱ्याला वाटतंय. अठरा वर्षांच्या मुलाला आजचा ३० मिळाला म्हणून कुणी नाक मुरडत नाही. खरी हुशारी आणि खरी फसगत दोन्ही दुसऱ्या आकड्यात असते.

पाचांपैकी धावणं मोजायला सगळ्यांत सोपं वाटतं, आणि नवखे तिथेच चुकतात. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, पहिला बेस ९० फुटांवर, म्हणजे २७.४ मीटरवर असतो. बॅट चेंडूला लागली की घड्याळ सुरू, पाय बेसवर पडला की बंद. उजव्या बॅटरने ४.३ सेकंद घेतले तर ५०, ४.२ ला ६०, ४.० ला थेट ८०. डावरा बॅटर बेसच्या जवळच्या बाजूला उभा असल्याने त्याच्यासाठी प्रत्येक आकडा ०.१ ने कमी धरतात. म्हणजे सेकंदाच्या एका दशांशाला अख्खी पायरी! आता तुम्ही प्लेटपासून ३० मीटरवर बसला आहात आणि बॅटचा ‘टक्’ ऐकून बटण दाबताय असं समजा. आवाज तुमच्यापर्यंत पोचायलाच सुमारे ०.०९ सेकंद लागतो. घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं आणि साधा धावणारा पोरगा फुकटात चपळ ठरतो. कानावर जाऊ नका, बॅटवर डोळा ठेवा.

दुसरी गडबड बॅटरच करतो. काही डावरे बॅट फिरवता फिरवताच धावायला लागतात, त्यांची वेळ खोटी छान येते. बंटवर (बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवून जवळ पाडला तर) घेतलेली वेळ तर सरळ वेगळी लिहावी. उलट, चेंडू आरामात क्षेत्ररक्षकाच्या हातात जाणार असं दिसलं की बरीच मुलं शेवटची पाच पावलं सोडून देतात. ती वेळ लिहून त्याच्यावर मंदपणाचा शिक्का मारणं अन्याय आहे. जिथे बाद की नाबाद असा अटीतटीचा प्रसंग असेल तिथलीच वेळ धरावी, आणि अशा तीन-चार वेळा हाती आल्याशिवाय आकडा लिहू नये.

कॅचरची वेळ ग्लव्ह ते ग्लव्ह मोजतात: चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये जाईपर्यंत. अंतर सुमारे ३८.८ मीटर. २.० सेकंद म्हणजे ठीकठाक, १.९ म्हणजे उत्तम. पण बेस चोरणारा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळणारा, सुटला की दोष एकट्या कॅचरचा नसतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत पोचायला १.३ सेकंद लागले तर एकूण बेरीज ३.३ होते आणि चांगल्या चोराशी बरोबरीची झुंज होते. पिचरने १.५ घेतले तर तोच कॅचर हतबल होतो. त्यात २०२३ पासून बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला, आणि धावणाऱ्याला रोखण्यासाठी पिचरला एका बॅटरमागे दोनदाच थांबता येतं. त्यामुळे चोऱ्या वाढल्या. जुन्या नोंदींशी तुलना करताना हे विसरू नये.

फलंदाजी जोखणं सगळ्यांत कठीण, आणि इथे घड्याळाचा काहीच उपयोग नाही. सकाळच्या सरावात प्रशिक्षक हळू, सरळ चेंडू टाकतो आणि पोरं एकामागून एक कुंपणापार मारतात. त्यावरून ताकद कळते, एवढंच. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटर वेगाचा फास्टबॉल बॅटरपर्यंत पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. म्हणून अनुभवी स्काऊट (गुणी खेळाडू हेरणारा) बॅटर जे चेंडू सोडून देतो तेच जास्त निरखून बघतो. समजा स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा चेंडू, बाहेर, खाली जातोय. पुढचा पाय टेकलाय, पण हात आणि खांदा मागेच शांत आहेत आणि मान चेंडूच्या मागे वळतेय, तर त्याला चेंडू दिसला. कंबर आधीच उघडली आणि बॅट अर्ध्यावर आणून ओढून धरली, तर तो अंदाजाने खेळतोय. पहिल्या खेपेला फसलेला मुलगा तिसऱ्या खेपेला त्याच चेंडूचं काय करतो, हेही बघण्यासारखं असतं. त्यासाठी पूर्ण सामना बसावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण कंटाळून कॉफी प्यायला जातात.

शाळा-कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलांची आणखी एक भानगड आहे. तिथे धातूची बॅट असते, इथे लाकडी. धातूच्या बॅटीवर दांड्याजवळ लागलेला चेंडूही कधी कधी क्षेत्ररक्षकांच्या मध्ये जाऊन पडतो. लाकडाची बॅट त्याच जागी मोडते. पहिल्या वर्षी ज्याच्या बॅटी फार मोडतात, त्याचा फटका चेंडूच्या आतल्या बाजूला पोचत नाहीये असं समजावं.

आकडेच हवे असतील तर बॅटिंग ॲव्हरेज बाजूला ठेवा. तीन गोष्टी बघा: किती टक्के वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होतो, किती टक्के वेळा वॉक (चार चेंडू बाहेर पडल्याने फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवतो, आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो. ९५ मैलांपुढचा फटका जोरदार धरतात. एकच सर्वांत जोरदार फटका फसवू शकतो, म्हणून वरच्या दहा टक्क्यांची सीमा कुठे पडते ते बघतात. ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीचं, हे मोजमाप २०२३ पासून बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर सर्वांना फुकट बघता येतं. म्हणजे पुण्यात बसूनही हे काम निम्मं करता येतं. आमच्या मते सिंगल-एमध्येच, म्हणजे खालच्या पायरीवरच, ३० टक्के स्ट्राइकआउट होणाऱ्या मुलाची ताकद कितीही डोळ्यांत भरली, तरी हात राखूनच गुण द्यावेत. वरच्या पातळीवर पिचर अधिक कावेबाज होत जातात, दयाळू नव्हे.

पिचरकडे वळलं की सगळे रडारगनकडे (वेग मोजणाऱ्या यंत्राकडे) बघतात. मेजर लीगमध्ये फोर-सीम फास्टबॉलचा (सर्वांत सरळ आणि वेगवान चेंडूचा) सरासरी वेग आता ९४ मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे नुसत्या ९५ ने कुणी चकित होत नाही. मार्चमध्ये पिचर सामन्यातल्या नऊपैकी एक-दोन इनिंग टाकून जातो, जीव तोडून टाकतो आणि ९८ दाखवतो. मोसमात त्याला एका सामन्यात ८०-९० चेंडू टाकायचे असतात. म्हणून चौथ्या-पाचव्या इनिंगला वेग किती उरतो तो आकडा महत्त्वाचा. दुसरी खूण कॅचरच्या ग्लव्हची. कॅचर ग्लव्ह जिथे धरतो तिथून तो किती सरकतो, हे वीसेक चेंडू बघा. सारखा आडवा-तिडवा जात असेल तर स्ट्राइक पडत असले तरी पिचरचा ताबा नाही. तिसरी खूण चेंजअप. हात फास्टबॉलइतक्याच झपाट्याने यावा आणि चेंडू आठ-दहा मैल हळू यावा. तरुण मुलं हात आखडतात, आणि बॅटरला ते लगेच कळतं. फास्टबॉल आणि स्लायडर ही दोनच अस्त्रं असलेला पिचर बहुधा शेवटी रिलीव्हर, म्हणजे मध्येच येऊन थोडंच टाकणारा, होतो.

बसायची जागाही ठरवून घ्यावी. चेंडूचं वळण प्लेटच्या मागूनच कळतं. उजव्या पिचरची छाती तिसऱ्या बेसच्या बाजूने दिसते, उजव्या बॅटरची पहिल्या बेसच्या बाजूने. एकाच खुर्चीवरून दोघांचं तंत्र नीट दिसत नाही.

नुसत्या वेगावर भुलण्याचं भारतीय उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ मध्ये भारतभर वेगवान फेकीची स्पर्धा घेऊन रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले, आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. हात दोघांचे दणकट होते. पण बॅटर धाव घेताना कुठे कव्हर द्यायचं, चेंडू हातात आल्यावर कुठे फेकायचा, हे इथली मुलं सातव्या-आठव्या वर्षापासून अंगवळणी पाडतात. दिनेश दोन मोसमांतच परतला. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला आणि मग कोपराच्या दुखापतीने अडला. शून्यातून तिथवर जाणं हीच मोठी गोष्ट, पण पाचांतल्या एका गुणावर गाडी किती पुढे जाते तेही त्यात दिसलं.

आता वय. मायनर लीगची शिडी अशी: कॉम्प्लेक्स लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातली मुलं सोळाव्या वर्षापासून करार करू शकतात; कॉलेजातून आलेला मुलगा २१-२२ चा असतो. दोघं एकाच मैदानावर खेळत असतील तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. १९ वर्षांचा मुलगा डबल-एमध्ये जेमतेम टिकून असेल तर तो तिथेच धडाका लावणाऱ्या २५ वर्षांच्या खेळाडूपेक्षा बहुधा सरस निघतो. मैदानाचंही भान हवं. अल्बुकर्की, रीनो, ॲमरिलो ही ठिकाणं उंचावर आहेत. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. तिथल्या होमरनमधून (कुंपणापार गेलेल्या फटक्यांतून) काही वजा करायचे, आणि तिथे मार खाल्लेल्या पिचरला थोडं झुकतं माप द्यायचं.

मग सराव सामन्यांतल्या आकड्यांचं काय? जवळजवळ काही नाही. सहाव्या-सातव्या इनिंगनंतर समोर कोण येतो याचा भरवसा नसतो, आणि नावाजलेला पिचर एखाद्या दिवशी नवा चेंडू घोटवायचा म्हणून तोच तोच टाकत राहतो. शिवाय संघात जागा मिळणं फक्त खेळावर ठरत नाही. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव सामन्यांत ९ होमरन मारले, तरी त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं आणि १७ एप्रिलला वर बोलावलं. मेजर लीगमधल्या सेवेचं एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात, आणि अशी ठरावीक वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो. त्याचे भरले १७१. त्यामुळे तो संघाच्या ताब्यात आणखी एक वर्ष राहिला, आणि त्याच मोसमात नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदितही ठरला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारात यावर उतारा म्हणून बक्षीस आलं: नावाजलेल्या नवोदिताला सुरुवातीपासून संघात ठेवलं आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तर संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या मुलांच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, जादा निवड मिळू शकते. सिॲटलला हुलिओ रॉड्रिगेसमुळे ती मिळालीही. म्हणून येत्या मोसमाचा अंदाज बांधताना मुलगा संघाच्या मेजर लीगसाठीच्या ४० जणांच्या यादीत आहे का आणि त्याच्या जागेवर पुढे कोण बसलंय, हे खेळाइतकंच बघावं लागतं.

आणि एवढं करूनही भलेभले चुकतात. पुढे दिग्गज ठरलेल्या या तिघांचंच बघा. माइक ट्राउट २००९ च्या ड्राफ्टमध्ये २५ वा निवडला गेला. अल्बर्ट पुहोल्सचं नाव १९९९ मध्ये १३ व्या फेरीत पुकारलं. होसे अल्तुवेला बुटका म्हणून आधी परत पाठवलं होतं; नंतर ह्यूस्टनने १५ हजार डॉलरांत घेतलं.

मार्चमध्ये येणं जमत नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथेच ॲरिझोना फॉल लीग भरते. सहा संघ असतात, आणि मेजर लीगचे सगळे ३० संघ आपापली निवडक मुलं पाठवतात. गर्दी तुरळक, त्यामुळे थेट प्लेटच्या मागे बसता येतं. फक्त तिथले बॅटरचे आकडे फुगलेले असतात, कारण मोसमभर राबलेले चांगले पिचर संघ तेव्हा विश्रांतीला ठेवतात.