सही करण्याआधी वाचा

आज फोंड्यात आमच्या युवा गटाच्या स्वयंसेवकांची बैठक झाली. मुलांना घेऊन नेत्रावळीच्या अभयारण्यात, सावरीच्या धबधब्यावर जायचंय. सगळ्यात जास्त वेळ गेला तो पालकांच्या संमतीपत्रात. एका नव्या मुलाने विचारलं, "दादा, इतके कागद कशाला?" बरं झालं विचारलं. दमा, फिट येणं, मधमाशीच्या डंखाची अॅलर्जी, रोजची गोळी हे सगळं त्या एका पानावर असतं, आणि जंगलात रेंज नसेल तर आईला फोन करून विचारणार कसं? म्हणून एक प्रत गटप्रमुखाच्या सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरी घरी थांबणाऱ्या माणसाकडे. निघताना, पोचल्यावर, परतताना हजेरी. १०८ (रुग्णवाहिका) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) सगळ्यांना पाठ हवेत.

एका मुलासोबत एकट्या मोठ्या माणसाने थांबायचं नाही, कायम दोघं हवेत, यावर मात्र मी अडून बसलो. गोव्याचा बाल कायदा २००३ चा, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा. गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. काही जणांना हे आजच कळलं, याची मला काळजी वाटते.

वनखात्याकडे उद्या जातोय. पाऊस वाढला तर सहल रद्द, पैसे परत. पालकांनो, तसं फॉर्मवरच लिहिलंय.