झिरकोनियाचं फ्लॅश सिंटरिंग: माझा अनुभव

२०१० साली कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, मार्को कोलोन्या, बोरियाना राश्कोवा आणि ऋषी राज यांनी दाखवलं की ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत झिरकोनिया (झिरकोनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) पाच सेकंदांच्या आत भरीव होतो. पावडर न वितळवता तापवून भरीव करणं म्हणजे सिंटरिंग. एरवी हीच पावडर १४५० अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजावी लागते. नवं एवढंच होतं की तुकड्याला दोन वायरी लावून वीज सोडली, हेच फ्लॅश सिंटरिंग. ऐकायला सोपं आहे. माझ्या हाती बिघडलेले बहुतेक तुकडे मात्र विजेपायी नाही, त्याआधीच्या कामापायी बिघडले.

पावडर ३ मोल टक्के इट्रियावाली (इट्रिया म्हणजे इट्रियम ऑक्साइड). तिच्यात वजनाच्या २ टक्के पीव्हीए, म्हणजे कण धरून ठेवणारा बाइंडर, गरम पाण्यात विरघळवून. वाळवून चाळायची, पण जरा ओलसर ठेवायची. खडखडीत वाळली तर दाबलेल्या तुकड्याचे पापुद्रे सुटतात. डायला, म्हणजे दाबायच्या साच्याला, आतून स्टिअरिक ॲसिड पुसायचं आणि २५० मेगापास्कलला दाबायचं. दाब सोडताना घाई नको. तुकडा डॉगबोन आकाराचा, म्हणजे मधे निमुळता नि दोन्ही टोकांना भोक असलेला, आणि झटक्यात सुटला की मानेपाशीच तडकतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, शाईचा थेंब सोडला की दिसते. पुढे बाइंडर जाळायचा: २०० ते ५०० अंश मिनिटाला १ अंशाने, ६०० ला तासभर. इथे घनता पूर्ण भरीव झिरकोनियाच्या ५० टक्क्यांच्या आसपास हवी.

आता जोडणी. भोकात प्लॅटिनमची पेस्ट चारी बाजूंनी लागली पाहिजे. अर्धवट लागली तर सगळा करंट एकाच बिंदूतून शिरतो आणि मधला भाग कच्चा राहून भोकच वितळतं. वायर ताणून बांधू नका: तुकडा लांबीला सुमारे २० टक्के आकसतो, ढील नसेल तर मान मोडते. वायरी ॲल्युमिनाच्या नळ्यांतून बाहेर काढा आणि भट्टीचा सांगाडा अर्थिंगला जोडा. २०० व्होल्ट डीसी जिवावर बेतू शकतं.

आकडे असे. गेज, म्हणजे मधल्या निमुळत्या भागाची लांबी, २० मिमी, काटछेद ३ × १.८ म्हणजे ५.४ चौरस मिमी. १०० व्होल्ट प्रति सेंमी हवे, म्हणून सप्लाय २०० व्होल्टवर. करंटची मर्यादा ६० मिलीॲम्पिअर प्रति चौरस मिमी धरली तर ३२४ मिलीॲम्पिअर. भट्टी ९०० अंशांवर स्थिरावू द्यायची, मगच वीज. सुरुवातीला काहीच घडत नाही, करंट मुंगीच्या पावलांनी चढतो. शक्ती १० ते ५० मिलीवॅट प्रति घन मिमीच्या टप्प्यात आली की तो एकदम उसळतो, तुकडा लखकन उजळतो आणि सप्लाय करंट-मर्यादेवर जाऊन व्होल्टेज कोसळतं. आकसणं बहुतेक त्या काही सेकंदांतच उरकतं. मी पुढे ३० सेकंद धरून बंद करतो.

सगळ्यात घातक तो उसळीचा क्षण. २०० व्होल्ट आणि ३२४ मिलीॲम्पिअर क्षणभर एकत्र आले की ६५ वॅट होतात, तेही १०८ घन मिमीच्या तुकड्यात. जिथे थोडं जास्त तापलं तिथे रोध कमी, म्हणून करंट तिथेच जास्त, म्हणून आणखी ताप. मधोमध एक वितळलेली रेघ आणि कडेला खडूसारखा कच्चा भाग, असा तुकडा हाती येतो. उपाय: करंट पहिल्यापासून ताब्यात ठेवून १० मिलीॲम्पिअरपासून मिनिटभरात वर न्यायचा. माझ्या मते हीच पद्धत मुळात शिकवायला हवी. डीसीवर जास्त वेळ ठेवलं तर ऋण टोकाकडून ऑक्सिजन निघून जाऊन तुकडा काळा पडत जातो. एसी वापरला की हा त्रास बराच टळतो.

एक हिशेब हटकून चुकतो. काटछेद आकसून साडेतीन चौरस मिमीवर येतो, म्हणजे ६० म्हणून लिहिलेली करंट-घनता शेवटी ९० च्या वर असते. वहीत दोन्ही लिहा.

भट्टीचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ९०० दाखवत असलं तरी तुकडा ९०० वर नसतो. स्थिर अवस्थेत ५५ व्होल्ट गुणिले ०.३२४ म्हणजे जेमतेम १८ वॅट. आकसलेल्या तुकड्याचा पृष्ठभाग १२३ चौरस मिमी, उत्सर्जकता (उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता) ०.९ धरून उष्णता-प्रारणाचा ताळेबंद मांडला की उत्तर १२०० अंशांच्या आसपास येतं. ग्रेन, म्हणजे आतले स्फटिककण, पाहण्यासाठी सवयीने १३५० ला थर्मल एचिंग केलंत (कणांच्या सीमा उठून दिसाव्यात म्हणून पुन्हा तापवलंत) तर दिसतील ते एचिंगमधे वाढलेले ग्रेन. ११०० वर थांबा, नाहीतर मोडलेली बाजूच पाहा.

या हिशेबावरूनच वाद पेटला. राज यांच्या मते निव्वळ तापमानाने एवढा वेग समजावता येत नाही, विजेच्या क्षेत्राने जालकात, म्हणजे अणूंच्या मांडणीत, दोष तयार होत असावेत. ऑक्सफर्डच्या रिचर्ड टॉड यांच्या गटाने २०१५ मधे दाखवलं की फ्लॅशची सुरुवात तरी साध्या तापण्याच्या उसळीनेच समजावता येते. मग प्रश्न उरला तो तापवण्याच्या वेगाचा. वीज न लावता तितक्याच झपाट्याने तापवलं तर? २०२० मधे मेरीलँडच्या गटाने कार्बनच्या तापत्या पट्ट्यांमधे ठेवून सिरॅमिक सुमारे १० सेकंदांत भरीव केलं, तुकड्यातून करंट न सोडता. फ्लॅशचा खरा वारसा मला त्या दहा सेकंदांत दिसतो.

म्हणून प्रत्येक फ्लॅश तुकड्यामागे एक बिनविजेचा तुकडा मी तेवढ्याच वेळासाठी १२०० अंशांच्या भट्टीत सरकवतो. भट्टीत तो करंटइतक्या झपाट्याने तापत नाही, त्यामुळे तुलना अपुरीच. पण तोही नसेल तर घनतेच्या आकड्याशेजारी ठेवायला काहीच उरत नाही.