टीवाय संपायच्या आधी

सहावं सेम सुरू झालं की पोरांच्या ग्रुपवर एक यादी फिरायला लागते, कॉलेज संपायच्या आधी करायच्याच अशा गोष्टी. माझी मावसबहीण टीवाय बीएस्सीला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे, तिने परवा ती यादी मला पाठवली आणि खाली लिहिलं, ताई बघ ना यातलं माझं काहीच झालं नाहीये. बघितलं तर काय, समुद्रावर जाऊन सूर्योदय बघा, रोड ट्रिप करा, ट्रेक करा, लेक्चर बंक करून पिक्चर टाका, इंटर्नशिप करा, लिंक्डइन नीट करा. आता नाशिकच्या पोरीने समुद्र आणायचा कुठून, आणि गाडी काढून मुंबईला गेली तरी आपल्या बाजूच्या समुद्रात सूर्य मावळतो, उगवत नाही, हे यादी करणाऱ्याच्या लक्षात पण आलं नसणार.

बाकीचं वाईट आहे असं नाही. पण यातलं कॉलेजशी बांधलेलं काय आहे? हरिहर किल्ला नंतरही चढता येईल, पायऱ्या तिथेच राहणारेत, गुडघ्यांचं तेवढं बघा. पिक्चर कधीही बघता येतो. लिंक्डइन तर रिटायर होईपर्यंत पाठ सोडत नाही.

माझा हिशोब वेगळा आहे. आत्ता जिथे नुसतं "कॉलेजमधून आलोय" म्हटलं की आत घेतात, आणि दोन वर्षांनी तिथेच "आपण कोण, काय काम होतं" असं विचारतील, ते सगळं आधी उरकून घ्यायचं.

म्हणजे उदाहरणार्थ मैत्रिणीचं गाव. आपल्याकडे प्रत्येक वर्गात अर्धी मुलं दिंडोरी, निफाड, सिन्नर, त्र्यंबककडून रोज एसटीने येणारी असतात, पासात भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो म्हणून तर घरचे कॉलेजला पाठवतात. तीन वर्षं एका बाकावर बसायचं, तिच्या डब्यातली मिरचीची भाजी हक्काने संपवायची आणि तिचं घर कधी बघायचंच नाही, हे मला जरा विचित्रच वाटतं. आणि जायचं तर फेब्रुवारीत जायचं, द्राक्षं तोडायला आलेली असतात तेव्हा. मी पिंपळगावकडच्या एका मैत्रिणीकडे अशीच गेले होते. शेडमध्ये बायका ओळीने बसलेल्या, हातात बारीक टोकाच्या कात्र्या, घड उचलायचा, फिरवायचा, तडकलेला किंवा बारका मणी अलगद कापून टाकायचा, घड अर्धा किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचा, आणि हे सगळं गप्पा मारत, हाताकडे न बघता. मण्यावरची ती पांढरी लव पुसली जाऊ नये म्हणून घड देठाला धरायचा हे मला तिथे कळलं, त्याआधी मी द्राक्षं खसाखसा धुणारी.

मग मैत्रिणीच्या वडिलांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, रसातली साखर मोजायचा. आम्ही लॅबमध्ये ज्या उपकरणाला हात लावायच्या आधी सरांकडे बघायचो तेच, फक्त हातात मावेल एवढं. मणी चिरडून एक थेंब काचेवर टाकला, झाकण लावलं, उजेडाकडे धरून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, सायन्सला आहेस ना, सांग किती आलं. १७ च्या जरा वर रेघ होती. काका म्हणाले चालतंय, एक्सपोर्टला जाईल, आणि मग ऑक्टोबर छाटणीपासून घड औषधात बुडवायच्या डिपिंगपर्यंत सगळं सांगत बसले, औषधांचा खर्च, मजुरी, आणि गारपीट झाली तर एका संध्याकाळीत काय होतं ते. मध्येच काकूंनी मला पण एक कात्री दिली आणि बसवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आज मी नोकरी करणारी म्हणून त्याच शेडमध्ये गेले तर मला खुर्ची मिळेल, थंडगार सरबत मिळेल, कात्री नाही मिळणार.

दुसरं म्हणजे सर लोक. आपल्याच विषयाचे नाहीत, दुसऱ्या डिपार्टमेंटचे. रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बसलेले असतात आणि त्यांच्या विषयातलं कोणी आपणहून काही विचारलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. पांडवलेणीला आपण सगळेच जातो, पावसात जातो, धापा टाकत चढतो, फोटो काढतो आणि उतरतो. पण तिथे भिंतीवर ब्राह्मी लिपीत उषवदाताचा लेख आहे, हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, आणि तो लेख चक्क एफडीची पावती आहे. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे ठेवले, गोवर्धन म्हणजे हे आपलं गंगापूरजवळचंच. मुद्दल कोणी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिना शेकडा एक, उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. त्या २००० च्या व्याजातून लेणीत राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी दरसाल प्रत्येकी १२. आता करा हिशोब, महिन्याचे २०, वर्षाचे २४०, भागिले २०, बरोबर १२ येतात. जवळपास १९०० वर्षं झाली आणि आकडा अजून टॅली होतो, बीकॉमच्या पोरांना हे सांगितलं तर ती जास्त खूश होतील. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, असंही त्यात लिहिलंय. हे एकट्याने जाऊन दिसत नाही हो, तिथे आपल्याला नुसत्या खडकावरच्या रेघा दिसतात. कोणीतरी बोट ठेवून वाचून दाखवणारं लागतं आणि असं माणूस फुकटात फक्त कॉलेजमध्ये मिळतं.

नोंदीवरून आठवलं, यादीत कोणी लिहीत नाही पण ऑफिसच्या खिडकीचं काम याच सेममध्ये करा. सगळ्या मार्कशीट समोर ठेवून आपल्या नावाचं आणि आईच्या नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर बघा, दहावीच्या मार्कशीटशी जुळतंय का ते बघा. एखादा ए जास्त असला तरी आत्ता एका अर्जात काम होतं, नंतर तेच ॲफिडेविट करा, पुण्याला युनिव्हर्सिटीत अर्ज पाठवा, सुट्टी टाका असं सुरू होतं. नो ड्यूज, लायब्ररीचं डिपॉझिट, टीसीच्या भरपूर झेरॉक्स. आणि शिपाई मामांशी ओळख ठेवा, स्वार्थी वाटेल पण फाईल कुठल्या कपाटात आहे हे प्रिन्सिपलना नाही, मामांनाच माहीत असतं.

हे एवढं सगळं मी बहिणीला व्हॉइस नोट करून पाठवलं, तिने अर्थातच दोनच्या स्पीडवर ऐकलं असणार. पण दुसऱ्या दिवशी ती खरंच हिस्टरीच्या सरांकडे गेली. सायन्सची मुलगी लेण्यांबद्दल विचारतेय म्हणून सरांनी आधी विचारलं की प्रोजेक्ट आहे का, कॉम्पिटिशन आहे का, मग नक्की काय आहे, आणि काहीच नाहीये म्हटल्यावर म्हणाले रविवारी सकाळी पायथ्याशी या सगळे, पाणी आणा, टॉर्च आणा, उतरल्यावर मिसळ तुमच्याकडून. आता कुठली मिसळ यावरून ग्रुपवर कालपासून जुंपलीये, काळ्या रश्श्यावाले एकीकडे, लाल रश्श्यावाले एकीकडे, आणि टॉर्च कोण आणणार हे अजून कोणीच सांगितलेलं नाही.