विकतची ओल

भिंतीवर हिरवं धरावं म्हणून पैसे मोजणारी आमच्या सोसायटीत मी एकटीच असणार. जुलै लागला की कंपाउंडच्या भिंतीवर मखमली थर चढतो आणि पावसाळा सरला की कमिटी माणूस बोलावून तो तारेच्या ब्रशने खरवडून घेते, वर ब्लीचिंग पावडर. गच्चीचं वॉटरप्रूफिंग हा दर वार्षिक सभेतला हमखास भांडणाचा विषय. सगळी इमारत अशी ओलीशी वैर धरून असताना मी माझ्या फिशटँकसाठी क्रॉफर्ड मार्केटातून घासाघीस करून आणलेली मॉसची, म्हणजे तसल्याच मखमली पाणवनस्पतीची, जुडी ताटात सोडवत बसते, तेव्हा घरच्यांच्या नजरेत थोडी कीव असते. ती मी चालवून घेते.

फिशटँक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते मागे चिकटवलेलं निळं पोस्टर, पोपटी प्लास्टिकची झुडपं आणि दर मिनिटाला बुडबुडे सोडत पेटी उघडणारा पाणबुड्या. माझी टाकी सगळ्या बाजूंनी फूटभर, म्हणजे काठोकाठ भरली तरी सत्तावीस लिटरची. तिच्या मागच्या काचेला पोस्टरऐवजी जिवंत भिंत आहे. खालपासून वरपर्यंत जावा मॉस आणि मधूनमधून बाहेर झेपावणारी जावा फर्नची, म्हणजे पाण्यातल्या नेच्याची, पानं. मासे आहेत, पण ते भाडेकरू. घर भिंतीचं.

ही भिंत उभी करायला अर्धी दुपार पुरते. पूर्वी घरोघरी लोकरीच्या पर्स करायला जी प्लास्टिकची जाळी मिळायची, तिचे काचेच्या मापाचे दोन तुकडे कापायचे. एकावर मॉस पसरायचं, दुसरा वर ठेवायचा, कडा तंगुसाने शिवून टाकायच्या आणि सक्शन कप लावून काचेला टेकवायचं. काचेला अगदी चिकटवायचं नाही, मागून पाणी फिरेल एवढी फट हवी, नाहीतर आतली बाजू कुजते. सगळी मेख मॉस पसरण्यात आहे. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण हात सैल सोडतो, कारण जाळी दिसत राहिली की काम अपुरं वाटतं. पण थर जाड झाला की खालच्या मॉसला उजेड मिळत नाही, ते तपकिरी पडतं आणि एक दिवस सगळी गादी जाळीपासून सुटून वर तरंगते. विरळ, इतकं विरळ की पलीकडचं वाचता यावं, असं लावलं तरच ते जाळीच्या भोकांतून डोकं काढतं. मॉसला खरी मुळं नसतातच. धरून ठेवायला बारीक तंतू असतात, खाणंपिणं सगळं पानांतूनच.

फर्नचा स्वभाव थोडा मानी. त्याचं आडवं, मांसल खोड वाळूत पुरलं की ते सडतं. बागकामाची सवय असलेल्या माणसाला हेच जमत नाही, हात आपोआप माती लोटायला जातो. आग्नेय आशियातल्या ओढ्यांत ते दगडाला, ओंडक्याला धरून वाढतं, मग इथेही त्याला धरायलाच काहीतरी द्यायचं. खोडाला फेव्हिक्विकचा थेंब लावून जाळीवर दाबलं की झालं. हा गोंद ओलाव्यानेच पकडतो आणि घट्ट झाल्यावर पाण्यात त्याचा त्रास नसतो. पुढे काळी, केसांसारखी मुळं स्वतःच जाळी विणून घेतात आणि गोंदाची गरज संपते.

जुनं पान भिंगाखाली धरून पाहण्यासारखं असतं. मागच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या दिसतात. रोग समजून पानं तोडणारे लोक मी पाहिले आहेत, पण त्या बीजाणूंच्या पेट्या. त्याहून मजा टोकाला. म्हातारं पान पिवळं पडत, काळवंडत असतं आणि त्याच्याच टोकाला, कडेला, नखाएवढी पिल्लं फुटतात. प्रत्येक पिल्लाला दोन-तीन अर्धपारदर्शक पानं आणि खाली काळ्या मुळांची मिशी. आईचं पान पुरतं विरेपर्यंत ती तिथंच लटकतात, मग सुटतात, पाण्याबरोबर भटकतात आणि फिल्टरच्या नळीला, दगडाच्या खाचेला, मिळेल तिथं पाय रोवतात. माझ्या भिंतीवरची निम्मी फर्नं अशी आपणहून येऊन बसलेली आहेत, आणि जागा त्यांनी माझ्यापेक्षा बऱ्या निवडल्या आहेत.

दुकानात गेलं की कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, झगमगीत दिवे, रंगीत बाटल्यांतली खतं असा सगळा संसार पुढे मांडला जातो. मॉस आणि फर्नच्या भिंतीला यातलं फारसं काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ही मंद उजेडातली, सावकाश वाढणारी मंडळी. दिवा प्रखर केला की त्यांच्याआधी दोऱ्यासारखं शेवाळ माजतं आणि ते एकदा मॉसमध्ये गुंतलं की गहू आणि खडे वेगळे करण्याइतकंही सोपं राहत नाही. साधा एलईडी, सहा-सात तास, टायमर लावून. ‘छोटी टाकी घ्या, कटकट कमी’ हे दुसरं दुकानी सत्य तर साफ उलटं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट, आणि ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी जितकं कमी, तितकी विषारी मात्रा लवकर चढते. तोवर टाकीत नुसती भिंत आणि पाणी. पाहुणे विचारतात, मासे मेले का?

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. मॉसला पंचविशीच्या आतबाहेरचं पाणी मानवतं, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत ते सहज तिशी ओलांडतं. एवढ्याशा टाकीला महागडा चिलर लावणं म्हणजे अतीच झालं. पाण्यावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. माठ जसा बाष्पीभवनावर थंड होतो, तसंच. मात्र पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. टँकरचं बोअरचं पाणी वरून ओतत राहिलं तर टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं आणि काचेवर पांढरी रेघ उमटते. म्हणून भर घालायला आरओचं पाणी, आणि दर आठवड्याला थोडं बदलायला नळाचं, रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन उडवलेलं. मुंबईच्या नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातसाचं, म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर पडलेला पाऊसच. पाणी बदलल्यावर तासाभरात मॉसच्या टोकाटोकाला प्राणवायूचे बारीक बुडबुडे धरतात. हा क्षण मला कुठल्याही माशापेक्षा जास्त आवडतो.

काचेत हिरवळ कोंडायचं हे वेड तसं लंडनच्या धुराचं देणं. नथॅनिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर पूर्व लंडनमध्ये राहायचा. कोळशाच्या काजळीत त्याची फर्नं काही केल्या जगत नव्हती. 1829 साली त्याने पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंग कसा बाहेर येतो ते त्याला पाहायचं होतं. बाटलीत उगवलं ते फर्न आणि गवत, आणि ते पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं टिकलं. मग अशा काचेच्या पेट्या बोटींवरून जगभर हिंडू लागल्या. रॉबर्ट फॉर्च्युन या वनस्पतिशोधकाने चीनमधून चहाची रोपं याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. सकाळचा कप हातात घेऊन टाकीसमोर बसताना वॉर्डसाहेबांचे आभार मानायला माझ्याकडे अशी दोन कारणं असतात.

पाण्याखालच्या बागेचा आजचा गुरू मात्र जपानचा. ताकाशी अमानो निइगाताचा, आधी सायकलपटू, मग जंगलांची छायाचित्रं काढणारा. शेवाळ खायला त्याने टाक्यांत सोडलेल्या कोळंबीला आता त्याचंच नाव आहे. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने 2015 साली चाळीस मीटर लांबीची, एक लाख साठ हजार लिटरची बाग उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. त्या बागेचे फोटो मी मुद्दाम कमी पाहते. आपली सत्तावीस लिटर उगाच डोळ्यांत खुपायला लागते.

भिंत एकदा भरली की छाटावी लागते. कात्री चालवताना पंप बंद करायचा, नाहीतर तुकडे सगळीकडे उधळतात आणि प्रत्येक तुकडा नवी वसाहत मांडतो. छाटलेलं मॉस फेकवत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ते शेजारीपाजारी, ऑफिसात, भाचरांना जातं. नाल्यात, तळ्यात मात्र टाकू नका, असं प्रत्येकाला बजावते. बाहेरून आलेलं आहे, मोकाट सुटलं तर तिथल्या झाडांच्या जागा घेईल.

पावसाळ्यात महापालिकेचा माणूस डासांच्या अळ्या शोधत घरोघरी येतो. कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे, एसीचं पाणी, सगळं बॅटरी मारून बघतो. गेल्या खेपेला टाकीपाशी थबकला. “एवढं पाणी साठवून ठेवलंय, ताई?” मी म्हटलं, गप्पी आहेत, अळी टिकणार नाही. गप्पी त्याच्या खात्याच्याच, त्यामुळे चेहरा निवळला. तरी त्याने बॅटरी भिंतीवर धरली आणि मॉसमधून आठ-दहा लाल कोळंब्या चरताना दिसल्या, प्रत्येकीचे पुढचे इवलेसे चिमटे एकामागून एक तोंडाकडे जात होते. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. “ही मोठी झाली की खाता?” मी सांगितलं, एवढीच राहते, फार तर इंचभर. “मग कशाला पाळायची,” असं म्हणून त्याने खिडकीतली मनीप्लांटची बाटली मोरीत रिकामी केली आणि तो शेजारची बेल वाजवायला गेला.