गल्लीतलं दांगदुत

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात कुणाच्या घरी लग्न निघालं की गल्लीचा रस्ता बंद. भर रस्त्यात मांडव, एका टोकाला स्टेज आणि पुरुषभर उंचीचे स्पीकर. मग रात्री उशिरापर्यंत दांगदुत, म्हणजे इथलं लोकप्रिय नाचगाणं. खिडक्या लावून उपयोग नसतो, खिडक्याच थरथरतात. त्यापेक्षा खाली उतरून खुर्ची पकडावी. जेवायचा आग्रह होतोच.

भारतातून नवा आलेला माणूस हे ऐकून हमखास म्हणतो, "अरे, हे तर आपलं हिंदी गाणं!" त्यात तथ्य आहे. बासरीच्या हरकती, तबल्याच्या वळणाने बोलणारा केंदांग हा ढोल, गायिकेचा तो रडवेला सूर. पन्नास-साठच्या दशकांत इथे हिंदी सिनेमा जोरात चालायचा आणि 'ओर्केस मेलायू' (मलय वाद्यवृंद) म्हणवणाऱ्या वाद्यवृंदांनी त्या चाली मनसोक्त उचलल्या. एल्या खादम या गायिकेचं गाजलेलं गाणं तर भारतातल्या बाहुलीवरच आहे. पण "आपलंच" म्हणून कॉलर ताठ करणाऱ्यांचा मला आताशा कंटाळा येतो. कारण पुढे जे झालं त्यात आपला काडीचा वाटा नाही.

ते केलं रोमा इरामाने. पश्चिम जावातल्या तासिकमलायाचा, जन्म १९४६चा. सत्तरच्या दशकात आपल्या 'सोनेता' या ताफ्यातून त्याने मेलायू चालींत डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या धाटणीची इलेक्ट्रिक गिटार घुसवली आणि वर इस्लामी उपदेश ठेवला: दारू सोडा, जुगार सोडा. नाचता नाचता कीर्तन! १९७७च्या निवडणुकीत तो विरोधातल्या इस्लामी पक्षाच्या प्रचारात उतरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीने त्याला सरकारी टीव्हीवरून अकरा वर्षं हद्दपार केलं. कॅसेटी आणि सिनेमे चालूच राहिले. लोक त्याला आजही दांगदुतचा राजा म्हणतात.

राजाला आव्हान मिळालं ते आमच्या पूर्व जावातून. इथल्या दांगदुतचा प्रकार वेगळा, 'कोप्लो'. केंदांग दुप्पट वेगाने धावतो, उपदेशाला सुट्टी. पासुरुआनची इनुल दारातिस्ता गावोगावच्या लग्नांत गायची; कंबर घुसळत गिरमिटासारखं फिरायचं हा तिचा खास नाच. कुणीतरी केलेल्या चित्रणाच्या चोरट्या सीडी देशभर पोचल्या आणि २००३ साली सगळीकडे तिचीच चर्चा. मौलवी चिडले, रोमा इरामा तर जाहीरपणे तिच्यावर तुटून पडला. लोकांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. लावणीवरून झालेले वाद ऐकत वाढलेल्या माणसाला यातली प्रत्येक बाजू तोंडपाठ असते. माझं मत विचाराल तर मी इनुलच्या बाजूचा.

शिकलेली जकार्ता अनेक वर्षं या संगीताला गावंढळ म्हणत आली. आणि १७ ऑगस्ट २०२२ला, स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात, राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात बान्युवांगीचा फारेल प्रायोगा हा बारा वर्षांचा मुलगा जावानीज भाषेतलं 'माझी तुलना करू नकोस' असं विनवणारं प्रेमगीत गायला. मंत्री उठून नाचले. नाचणाऱ्यांत तेव्हाचे संरक्षणमंत्री प्राबोवोही होते. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले. मुलाने असलं गाणं गावं का, अशी कुरकुर झालीच. आमच्या गल्लीत मात्र त्यानंतर कितीतरी दिवस दुसरं गाणं नव्हतं.

कधी अशा मांडवात बसायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. गाणं रंगात आलं की लोक एकेक करून स्टेजवर चढतात, गायिकेसमोर चार पावलं नाचतात आणि तिच्या हातात नोटा ठेवतात. याला 'सावेर' म्हणतात, तमाशातली दौलतजादाच. पाहुणा परदेशी असला की त्याला ढकलत वर नेतातच, सुटका नाही. खिशात पाच-पाच हजार रुपियाच्या नोटा सुट्या करून ठेवा. आकडा मोठा वाटतो, पण आपले पंचवीस-तीस रुपये होतात. एकदम सगळ्या देऊ नका, एकेक द्यायची. तेवढा वेळ नाचावं लागतं.