तुम्ही विचारलंत म्हणून: दोघंही ख्रिस्तीच, मग चर्च एक का नाही?

दर जानेवारीत १८ ते २५ तारखेचा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना आठवडा आला की कुणीतरी विचारतंच, तुम्ही प्रोटेस्टंट, मिस्टर कॅथलिक, येशू तर एकच ना, मग एकाने बदलून टाका की! आजवर विषय बदलायचे, आज लिहून टाकते.

बदलायचं म्हणजे सिमकार्ड नाही हो. मला बायबल वाचायला आईने शिकवलं, ते ज्या चर्चच्या बाकावर बसून शिकवलं ते चर्च सोडून कसं द्यायचं? मिस्टरांचंही तसंच.

सासूबाईंच्या शेवटच्या चार वर्षांत त्यांचं सगळं मी केलं. रात्री आम्ही दोघी प्रभूची प्रार्थना म्हणायचो. त्यांची 'वाईटापासून सोडव'पाशी संपते, आमची पुढे 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव' अशी जाते. तर त्या माझं होईपर्यंत गप्प पडून राहायच्या आणि आमेन आम्ही एकदम म्हणायचो.

त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, ख्रिस्तप्रसादाच्या (ख्रिस्ताचं शरीर म्हणून देतात त्या भाकरीच्या) रांगेत मीही उभी राहिले. तो प्रसाद आम्हा प्रोटेस्टंटांना देत नाहीत हा नियम माहीत होता, नाही असं नाही. पण त्या दिवशी पाय आपोआप गेले. फादर मला ओळखत होते. मी हातावर हात ठेवून पुढे केला, त्यांनी क्षणभर बघितलं, आणि प्रसाद न देता माझ्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात आशीर्वाद दिला. मागे जाऊबाई होत्या, त्यांना मिळाला. मी तसाच रिकामा हात घेऊन बाकावर आले, तो खाली कसा करायचा तेच सुचेना.

कित्येक वर्षं मी सांगत सुटले की फादर चुकले. आता तसं म्हणवत नाही. त्यांच्या चर्चच्या हिशोबाने प्रसाद ही पूर्ण ऐक्याची खूण, जे अजून झालंच नाही ते झाल्यासारखं कसं दाखवायचं? हे दिवसा पटतं, रात्री नाही पटत. एकत्र जेवल्याशिवाय घर तरी एक होतं का?

आणि 'प्रोटेस्टंट तरी कुठे एक आहात' म्हणणाऱ्यांनो, खरंय. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी समोरासमोर बसले, १४ मुद्द्यांवर जुळलं आणि पंधराव्यावर, प्रभुभोजनावरच (म्हणजे या प्रसादाच्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती नुसती खूण, यावर), अडलं. ल्यूथरने येशूचं 'हे माझे शरीर आहे' हे वाक्य खडूने टेबलावर लिहून ठेवलं होतं, तिथून तो हलला नाही. पण काहीच होत नाही असंही म्हणू नका. १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याबद्दलच्या, म्हणजे माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो याबद्दलच्या, संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, ज्या मुद्द्यावरून एवढी फाटाफूट झाली त्याच मुद्द्यावर! प्रभुभोजनाचं मेज मात्र अजून वेगळंच.

आमच्या चर्चमध्ये प्रभूचं मेज सगळ्यांना खुलं, याचा मला फार गर्व होता. मिस्टर माझ्यासोबत येतात, पण भाकरीचं ताट आलं की न घेता पुढे देतात. एकदा मी रागाने म्हणाले, तुम्हाला आमचा येशू चालत नाही. ते काही बोलले नाहीत. ताट पुढे देताना त्यांना काय वाटतं हे मी विचारलं नव्हतं, त्या मिस्सानंतरही बरेच दिवस विचारलं नाही. ते माझं चुकलंच.

परवा त्यांनी विचारलं, मी आधी गेलो तर माझ्या मिस्साला रांगेत येशील? मी अजून उत्तर दिलेलं नाही.